दिवा लावल्याने मासा वाढतो का? पिंजऱ्यातला उजेड आणि माशाचे वयात येणे

इंदापूर तालुक्यातल्या एका तरुण मत्स्यशेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांनी नॉर्वेतल्या सॅल्मन पिंजऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. भर हिवाळ्यात, काळोख्या समुद्रात ते पिंजरे आतून हिरवट-पांढरे उजळलेले असतात. रात्रभर दिवे लावले की मासा लवकर वाढतो आणि गाभोळी (पोटातली अंडी) धरत नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले. त्यांचे धरणात तिलापियाचे पिंजरे आहेत. ते विचारतात, "मी एलईडी सोडले तर चालेल का? किती वॅटचे, किती तास?"

आधी थेट उत्तर देतो, म्हणजे खरेदी करणार असाल तर थांबाल. वाढीसाठी म्हणून तिलापियाच्या पिंजऱ्यात दिवे सोडू नका, ते पैसे चांगल्या बोटुकलीत (बोटाएवढ्या पिल्लांत) आणि चांगल्या खाद्यात घाला. पण प्रश्न फार मोलाचा आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच दिव्यांभोवती गेली. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून मी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आलो. आधी गोड्या पाण्यातल्या पिल्लांच्या केंद्रात काम केले, मग समुद्रातल्या पिंजऱ्यांवर. म्हणून नीट सविस्तर लिहितो.

तुमच्या भागातल्याच दोन पिकांपासून सुरुवात करू. पुणे-सोलापूर पट्ट्यात शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात, ते तुम्ही पाहिले असेल. शेवंतीला दिवस लहान झाला की कळी धरायची असते. रात्री उजेड दाखवला की तिला दिवस अजून मोठाच आहे असे वाटते, ती नुसती वाढत राहते, आणि फूल आपल्याला हव्या त्या बाजाराला आणता येते. आता शेजारच्या ड्रॅगन फ्रूटवाल्याकडे बघा. तोही हिवाळ्यात बल्ब लावतो, पण उलट्या कामासाठी. ड्रॅगन फ्रूटला मोठा दिवस लागतो, म्हणून उजेड दिला की हंगाम नसताना फूल येते. बल्ब तोच आणि रात्रही तीच, तरी एका पिकात फूल लांबते आणि दुसऱ्यात येते. माशांचेही अगदी असेच आहे. त्यामुळे "दिवा लावला की काय होते" असे न विचारता "माझा मासा शेवंतीसारखा आहे की ड्रॅगन फ्रूटसारखा, आणि मी दिवा वर्षाच्या कोणत्या वळणावर लावतोय" असे विचारायला हवे. त्यात वळणाचा भाग जास्त महत्त्वाचा.

अटलांटिक सॅल्मन हा शेवंतीच्या बाजूचा. तो शरद ऋतूत, दिवस लहान होत असताना नदीत अंडी घालतो. पण त्या वर्षी वयात यायचे की नाही, हे त्याच्या शरीरात कितीतरी आधी, हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाला ठरते. स्कॉटलंडमध्ये जॉन थॉर्प यांनी सॅल्मनवर बरीच वर्षे काम करून मांडलेला विचार मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतो. मासा वर्षातल्या ठराविक काळात आपल्या अंगातल्या साठ्याचा अंदाज घेतो. चरबी पुरेशी आहे, वाढीचा वेग चांगला आहे, असे असेल तर गाडी पुढे जाते. नसेल तर या वर्षी थांबायचे, पुढच्या वर्षी बघू. दरवाजा थोडाच वेळ उघडा असतो. त्या वेळी मासा तयार असेल तर आत जातो, नाहीतर वर्षभर बाहेर.

हा दरवाजा कधी उघडायचा हे माशाच्या अंगातले वर्षाचे घड्याळ ठरवते, आणि ते घड्याळ दिवसाच्या लांबीवर लावलेले असते. समुद्रात पहिला हिवाळा काढणाऱ्या सॅल्मनच्या पिंजऱ्यात साधारण जानेवारीत दिवे लावून चोवीस तास उजेड केला की त्याला एकदम उन्हाळा आल्यासारखे वाटते. घड्याळ पुढे सरकते, दरवाजा लवकर उघडतो आणि लवकर मिटतोही. तेव्हा बहुतेक मासे अजून हडकुळे असतात, हिवाळ्यातून नुकते सावरत असतात. ते त्या वर्षी वयात येत नाहीत. जे मुळातच मोठे आणि चरबीने भरलेले असतात, ते मात्र आत जातातच, उलट नेहमीपेक्षा थोडे लवकर वयात येतात. म्हणून दिव्यांनी वयात येणाऱ्यांचे प्रमाण घटते, शून्य होत नाही. ज्या वर्षी समुद्र कोमट आणि वाढ जोरात, त्या वर्षी दिवे लावूनही तपकिरी, म्हणजे वयात आलेले, मासे निघतात, ते याचमुळे.

आता मासा वयात आला तर शेतकऱ्याचे नुकसान काय, हे तुम्हाला पैशात कळायला हवे. सॅल्मनची चंदेरी चमक जाते, अंग तपकिरी-लालसर पडते, नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. खाणे कमी होते. मांसातला केशरी रंग आणि चरबी तिथून निघून गाभोळीत आणि कातडीत जाते, त्यामुळे फिलेट फिकट आणि पाणचट लागते. त्यात भर म्हणजे वयात येताना सॅल्मनचे शरीर नदीत परतायची तयारी करते आणि खारे पाणी सोसायची ताकद कमी होते, पण आपण त्याला समुद्रातच कोंडलेले असते. असा मासा रोगाला लवकर बळी पडतो. नॉर्वेत एका पिंजऱ्यात कायद्याने 2 लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. त्यातले शेकडा पाच जरी असे निघाले तरी 10 हजार मासे होतात, आणि ते कापणीच्या वेळी वेगळे काढून कमी भावात द्यावे लागतात. देशाचे सॅल्मन उत्पादन वर्षाला 15 लाख टनांच्या आसपास आहे, त्या हिशेबाने हे दिवे किती मोठा प्रश्न हाताळतात ते बघा.

आणि वाढ? दिव्यांनी वाढ होते हे खरे, पण ती लगेच दिसत नाही. जानेवारीत दिवे लावल्यावर पहिला महिना-दीड महिना वाढ थोडी मंदावते. नवीन व्यवस्थापक इथे घाबरतात. खाद्याचा आकडा खाली दिसतो, वरून फोन येतो, आणि कोणीतरी म्हणते, दिवे बंद करून टाकू. मी त्यांना हात जोडून सांगतो, थांबा. वसंतात तो मासा जोर धरतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवे न लावलेल्या पिंजऱ्याच्या पुढे गेलेला असतो. त्यामागे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घड्याळ उन्हाळ्यावर गेल्याने भूक आणि वाढीची संप्रेरके उन्हाळ्यासारखी चालतात. दुसरी म्हणजे जो मासा वयात आला नाही, त्याचे खाद्य गाभोळीत न जाता मांसात जाते. कोणाचा किती वाटा, हे पिंजऱ्यावर उभे राहून वेगळे करता येत नाही.

एक दृश्य सांगतो, म्हणजे व्हिडिओत जे दिसत नाही ते कळेल. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहराच्या उत्तरेला डिसेंबरअखेर सूर्य सहा तासही वर नसतो. दुपारी साडेतीनला काळोख. दिवे नसलेल्या पिंजऱ्यावर त्या वेळी टॉर्च मारली तर मासे विखुरलेले, जवळजवळ जागच्या जागी तरंगताना दिसतात. दिवसा जो थवा गोल-गोल फिरत असतो तो पार मोडलेला असतो. शेजारच्या दिवेवाल्या पिंजऱ्यात मात्र मध्यरात्रीही थवा दिवसासारखा फिरत असतो, आणि दिवा ज्या खोलीवर सोडलाय त्याच्या आसपास. म्हणून दिवा किती खोल सोडायचा हेही शास्त्र आहे. वर लावला तर मासा वर येऊन गर्दी करतो, आणि वरच्याच थरात समुद्री उवांची (माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवींची) पिल्ले जास्त असतात. दिवे खोल नेले की मासा खाली राहतो आणि उवा कमी लागतात. फक्त त्याला हवेची पिशवी भरायला अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते, तेवढी वाट मोकळी हवी. पूर्वी मेटल हॅलाइडचे जड दिवे असत, ते गरम होत, फुटत. आता सगळे एलईडीवर आले आहे.

माशाला उजेड कळतो कुठून? डोळ्यांनी कळतोच, पण डोक्यातूनही कळतो. सॅल्मनचे छोटे पिल्लू हातात धरून वरून पाहिले तर दोन डोळ्यांच्या मध्ये, किंचित मागे, कातडीत एक फिकट ठिपका दिसतो. तिथून उजेड आत जातो आणि मेंदूच्या वरच्या पिनियल ग्रंथीवर पडतो. माणसाच्या पिनियलला उजेडाची बातमी डोळ्यांकडून मिळते, माशाची पिनियल स्वतःच उजेड ओळखते. अंधारात ती मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते, उजेडात थांबते, म्हणजे रात्र किती लांब होती याचा हिशेब रक्तात उतरतो. पुढे 2013 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मासू सॅल्मनमध्ये दाखवले की मेंदूच्या तळाशी असलेली सॅकस व्हॅस्क्युलोसस नावाची रक्तवाहिन्यांची पिशवीही ऋतू ओळखते, आणि ती काढून टाकली तर लहान दिवसाला वृषणांनी द्यायचा प्रतिसाद बंद होतो. माशाच्या डोक्यात तळाला हा अवयव आहे हे शतकानुशतके माहीत होते, पण तो करतो काय हे कोणाला नक्की सांगता येत नव्हते. मला ही बातमी वाचल्याचा दिवस अजून आठवतो.

पुढची साखळी सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांसारखीच आहे. मेंदूतून पिट्युटरीला (मेंदूखालच्या ग्रंथीला) हुकूम, पिट्युटरीतून एफएसएच आणि एलएच ही प्रजननाची संप्रेरके, आणि त्यातून अंडाशय-वृषण जागे. तुमच्याकडे कार्पच्या प्रजननासाठी पिट्युटरीचा अर्क टोचतात, तेव्हा तुम्ही याच साखळीच्या शेवटच्या कडीला हात घालता. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी तो प्रयोग यशस्वी केला, म्हणून तो दिवस आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. दिवा साखळीच्या पहिल्या कडीला हात घालतो, एवढाच फरक. सुई नाही, औषध नाही, मांसात काही उरत नाही. मला या पद्धतीबद्दल आदर आहे तो यामुळे.

आता ज्या चुका मी जवळून पाहिल्या त्या सांगतो, कारण तुम्ही उद्या दुसरा कोणता मासा घेतलात तर त्याच कामाला येतील.

पहिली चूक दिवे मध्येच बंद पडू देण्याची. एका ठिकाणी मी होतो, तिथे एप्रिलमध्ये वादळात केबल तुटली. दोन पिंजरे अंधारात गेले. आम्ही दुरुस्ती मागितली, तर उत्तर आले की आता दिवस मोठे झालेत, चौदा-पंधरा तास उजेड आहेच, घाई नको. तीन आठवडे गेले. पण माशाच्या बाजूने विचार करा. तो जानेवारीपासून चोवीस तासांच्या दिवसात राहतोय. एकदम दिवस पंधरा तासांवर आला. त्याला हा वसंत कळत नाही, दिवस आखडला एवढेच कळते, म्हणजे शरद आला. सॅल्मन-ट्राउटला मोठ्या दिवसानंतरचा लहान दिवस हा वयात येण्याचा रेटा असतो. त्या उन्हाळ्यात त्याच दोन पिंजऱ्यांतून तपकिरी मासे जास्त निघाले. एका प्रसंगावरून मी सिद्धांत काढत नाही, पण प्रयोगशाळांत जे वारंवार दिसले आहे त्याच्याशी हे जुळते. माशाला तासांचा आकडा कळत नाही, आकडा वाढतोय की घटतोय ते कळते. म्हणून आम्ही दिवे जूनच्या आसपास, नैसर्गिक दिवस सगळ्यात मोठा असतानाच काढतो. तुमच्याकडच्या लोडशेडिंगचा विचार केला तर हा मुद्दा आणखी गंभीर आहे. जनरेटर नसेल तर या वाटेला जाऊच नये.

दुसरी चूक जास्त महाग पडली, आणि ती जमिनीवरच्या टाक्यांत झाली. त्यासाठी आधी पिल्लांच्या केंद्राबद्दल थोडे सांगायला हवे.

सॅल्मनचे पिल्लू गोड्या पाण्यात जन्मते. समुद्रात जाण्याआधी त्याला स्मोल्ट व्हावे लागते. अंगावरचे बोटांसारखे काळे पट्टे जातात, चांदी चढते, अंग सडपातळ होते, आणि कल्ल्यांत मीठ बाहेर फेकणारी यंत्रणा तयार होते. निसर्गात हे वसंतात घडते. हिवाळ्याचा लहान दिवस संपून दिवस वाढू लागला, हा इशारा. आम्ही तो इशारा खोलीत तयार करतो. पिल्लाला पहिल्या घासापासून चोवीस तास उजेड देऊन वाढवायचे. मग सहा आठवडे 12 तास उजेड, 12 तास काळोख, हा त्याचा बनावट हिवाळा. मग पुन्हा चोवीस तास उजेड, म्हणजे वसंत. त्यानंतर साधारण 400 अंश-दिवस (पाण्याचे तापमान गुणिले दिवस), म्हणजे 12 अंशांच्या पाण्यात 33-34 दिवस, की कल्ल्यांची तपासणी करून मासा समुद्राला तयार. या युक्तीमुळे वर्षाच्या आतले पिल्लू शरदातच समुद्रात सोडता येते आणि वर्षभर बाजाराला मासा मिळतो. पूर्वी सगळे वसंतातच सोडावे लागे.

त्या सहा आठवड्यांच्या काळोखाबद्दल आम्ही फार कडक असतो. रात्री टाकीच्या हॉलमध्ये कोणी मोबाइलचा टॉर्च लावून आत गेले तरी मी रागावतो. दाराच्या फटीतून येणारा उजेड बुजवायला काळी पट्टी लावतो. काळोख खरा नसेल तर त्याला हिवाळा खरा वाटत नाही, आणि मग अर्धवट स्मोल्ट झालेला मासा समुद्रात गेल्यावर पटापट मरतो.

आता चूक. एका केंद्रात मालकांना मासा समुद्रात सोडण्याआधी मोठा करायचा होता. समुद्रातले दिवस कमी म्हणजे उवा कमी, विचार बरोबर होता. त्यांनी पुनर्चक्रीकरणाच्या (तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या) टाक्यांत चोवीस तास उजेड ठेवला आणि वाढ जोरात व्हावी म्हणून पाणी 15-16 अंशांपर्यंत गरम केले. वाढ खरेच जोरात झाली. मग एके दिवशी नमुने काढताना मी एका 300-400 ग्रॅमच्या नराचे पोट हलके दाबले, आणि बोटांवर पांढरे दुधासारखे वीर्य आले. दुसरा दाबला, तसेच. पोट फाडून पाहिले. वयात न आलेल्या नराचे वृषण म्हणजे हवेच्या पिशवीच्या कडेने गेलेला एक पारदर्शक दोरा, शोधावा लागतो. इथे करंगळीएवढ्या पांढऱ्या, टणक पट्ट्या होत्या. त्या बॅचमधले बरेच नर समुद्रात सोडण्याच्या लायकीचे राहिले नाहीत.

म्हणजे जो चोवीस तासांचा उजेड समुद्रातल्या थंड पाण्यात वयात येणे रोखतो, तोच गरम पाण्यात, बनावट हिवाळ्यानंतर, भरपूर खाद्यावर नराला वयात ढकलतो. नॉर्वेत मात्रे इथल्या संशोधन केंद्रातल्या प्रयोगांत 2011 च्या सुमारास हे स्पष्ट दिसले होते. नरांचेच का? वृषण बनवायला शरीराला फार खर्च येत नाही, अंडाशय बनवायला येतो. निसर्गातही नदीतले चिमुकले नर समुद्र न पाहताच वयात येतात आणि मोठ्या जोडीच्या मध्ये घुसून आपले वीर्य टाकतात. ही वाट त्यांच्या रक्तात आहेच, आपण ती चुकून उघडतो. आता शहाणी केंद्रे या टप्प्यावर पाणी 12-13 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. शिवाय उजेड आणि गरम पाण्याने घाईने वाढवलेल्या माशाच्या मणक्यांत खनिज कमी भरते. खाद्यात फॉस्फरस वाढवावा लागतो, नाहीतर कुबड्या मासे निघतात.

वंशाचा भागही विसरू नका. 2015 मध्ये दोन वेगळ्या गटांना सॅल्मनच्या व्हीजीएलएल3 या जनुकाचा शोध लागला. मासा किती हिवाळे समुद्रात काढून वयात येणार यातल्या फरकाचा 39 टक्के भाग या एका जागेवरून समजतो. एकाच जनुकावर एवढे अवलंबून असणे दुर्मीळच. पैदास केंद्रे आता उशिरा वयात येणारे वाण निवडतात, त्यामुळे दिव्यांवरचा भार कमी होत चालला आहे.

इतर मासे पटकन घेतो. रेनबो ट्राउटमध्ये दिव्यांचा उपयोग मुख्यतः अंड्यांसाठी. स्टर्लिंग विद्यापीठाच्या नायल ब्रोमेज यांच्या गटाने दाखवले की वेगवेगळ्या टाक्यांत वर्ष पुढे-मागे सरकवून बाराही महिने अंडी मिळवता येतात, आणि आज जगभर तसेच चालते. जपानमध्ये आयु नावाचा एका वर्षाच्या आयुष्याचा मासा आहे. तो वयात आला की मरतो, म्हणून त्याला रात्री दिवे दाखवून हंगाम लांबवतात. हा अगदी शेवंतीचाच प्रकार. भूमध्य समुद्रातल्या सी-बास माशाचे काही नर पहिल्याच वर्षी वयात येतात आणि मग मागे पडतात. स्पेनच्या तोरे दे ला साल इथल्या संस्थेने उन्हाळ्याच्या अखेरीपासून सलग उजेड देऊन ते रोखून दाखवले. कॉड माशाचा अनुभव मात्र शिकवून जाणारा आहे. टाकीत सलग उजेडाने कॉडचे वयात येणे छान दाबता येते, समुद्रातल्या पिंजऱ्यात तेच दिवे लावले तर ते फक्त काही महिने लांबते. कारण उघड आहे. टाकीत दिव्याशिवाय दुसरा सूर्य नसतो, पिंजऱ्यात असतो. दिवसाच्या लखलखाटापुढे रात्रीचा दिवा माशाला मिणमिणता वाटतो, त्याला रात्र झाल्याचे कळतेच.

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्या अक्षांशावर सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तास. बर्गनला तो तेरा तासांचा आहे. तिथल्या माशाला दिवसाची लांबी हेच ऋतूचे पंचांग, कारण दुसरे इतके भरवशाचे काही नाही. आपल्या माशांनी पंचांग म्हणून पाऊस, पूर आणि पाण्याची ऊब निवडली. आपल्या कार्पना उजेड कळतच नाही असे नाही. होळीच्या सुमारापासून दिवस आणि ऊब वाढते तसे अंडाशय भरू लागते, मग शेवटचा धक्का मृगाचा पाऊस देतो. दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात शिंगी माशावर सुंदर काम केले. मोठा दिवस आणि कोमट पाणी मिळाले की मादीचे अंडाशय हंगामाआधी भरते, आणि त्या दोघांत पाण्याची ऊब जास्त बलवान ठरते. म्हणजे शिंगी ड्रॅगन फ्रूटच्या बाजूचा. त्याला सॅल्मनवाला दिवा लावलात तर गाभोळी लवकर येईल.

तिलापिया तर यापैकी कशातच नीट बसत नाही. पाणी कोमट असेल तर तो वर्षभर, काही आठवड्यांच्या अंतराने अंडी घालतो. त्याला वार्षिक दरवाजाच नाही, मग तुम्ही बंद काय करणार? त्याच्यावर दिव्यांचे प्रयोग झाले आहेत. अगदी लहान पिल्लांना 18 ते 24 तास उजेडात वाढ चांगली मिळाल्याचे दिसते, पण बोटुकलीच्या पुढे तो फायदा विरतो. प्रजननाबद्दल तर निकाल एकमेकांशी भांडतात, कुठे मोठ्या दिवसाने अंडी वाढली, कुठे अंडाशयाची वाढ मंदावली. आणि हे सगळे स्वच्छ टाक्यांतले. तुमच्या हिरव्यागार पाण्यात दिव्याचा उजेड मीटर-दोन मीटरमध्ये संपतो.

शिवाय पिंजऱ्यात तिलापियाच्या प्रजननाचा प्रश्न तळ्याइतका नसतो. मादी अंडी तळाला घालते आणि मग तोंडात घेते. पिंजऱ्यात ती जाळीतून खाली निसटतात आणि चक्र तुटते. तुमची खरी ढाल म्हणजे एकलिंगी, सगळे नर असलेले बीज, आणि त्यात मादीची भेसळ किती हे तपासणे. भेसळ जास्त आणि वाढ खुंटलेली असेल तर 30-40 ग्रॅमचा तिलापियाही गाभोळी धरतो, मग कितीही दिवे लावा.

एक धोका स्पष्ट सांगतो. शेवाळ जास्त असलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रात्री दिव्याखाली मासा जागा राहिला, फिरत राहिला, वरून कोणी खाद्य टाकले, तर त्याची प्राणवायूची गरज नेमकी त्याच वेळी वाढते. एप्रिल-मेच्या उकाड्यात ढगाळ दिवसानंतर अशी रात्र आली तर पिंजराच्या पिंजरा जाऊ शकतो. काहींनी तुम्हाला सांगितले असेल की दिवा लावल्यावर मासा वाढला. पृष्ठभागावर लटकवलेल्या बल्बवर किडे येतात, पाण्यात पडतात, मासा ते खातो, आणि थोडा फायदा दिसतो. तो किड्यांचा, दिवसाच्या लांबीचा नाही. तेवढ्यासाठी एक साधा बल्ब संध्याकाळचे दोन तास पुरे.

आपल्याकडे उजेडाला खरी जागा आहे ती बीजकेंद्रांत. जिताड्यासारख्या माशाचे प्रजननयोग्य नर-मादी बंद टाक्यांत, उजेड आणि तापमान दोन्ही हातात ठेवून सांभाळले तर हंगामाबाहेर बीज काढता येते. चेन्नईच्या खारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने जिताड्याचे प्रजनन 1997 मध्येच केले, आणि अशा नियंत्रित टाक्यांवर तिथे पुढे काम झाले आहे. रायगडच्या खाडीकाठच्या जिताडावाल्यांना बीज वेळेवर मिळाले तर त्यांचे किती भले होईल, हे मी वेगळे सांगायला नको. तुमच्या मनात दिव्यांबद्दल उत्साह असेल तर तो तिथे लावा. काळ्या कापडाने पूर्ण बंद होणारी खोली, टायमर, इन्व्हर्टर, आणि रोजची नोंदवही, इतक्यावर सुरुवात होते.

आणि तुमच्या पिंजऱ्यांसाठी एक काम याच आठवड्यात करा. सगळ्यात छोट्या दिसणाऱ्या माशांतले दहा आणि मध्यम आकाराचे दहा घ्या, वजन करा, पोट फाडा आणि आत काय आहे ते बघून लिहून ठेवा. पारदर्शक दोरा, पांढरी पट्टी, की पिवळ्या दाण्यांची गाभोळी. छोट्यांमध्ये पिवळे दाणे जास्त निघाले तर बीज देणाऱ्याला जाब विचारा. आकडे मला पाठवलेत तर पुढचे त्यावरून बोलू.